बाटलीला चिकटलेलं

१० मार्च

३.१!

आधी वाटलं किरणोत्सर्ग मोजायचा काउंटर बिघडला. रिकामी वाटी ठेवून बघितली — जवळपास शून्य. परत नमुन्याची वाटी ठेवली — परत ३.१. म्हणजे काउंटर शहाणा आहे, वेडी मीच.

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल. टेकडीवरच्या वस्तीच्या बोअरच्या नमुन्याची प्लॅस्टिकची बाटली. आतून तळाला आणि गळ्यापाशी तांबूस कड बसली होती. त्या पाण्यात लोखंड आहे, गंज बसतोच. साध्या पाण्याने निघेना. मला असली घाण बघवत नाही. काल अ‍ॅसिड घालून ठेवलं, सकाळी कड साफ. अ‍ॅसिडचं धुवण गटारात सोडण्याआधी मोजायचं, हा आमच्या प्रयोगशाळेचा नियम. अकरा वर्षं मी हा नियम पाळतेय आणि अकरा वर्षं त्यात काही सापडलेलं नाही. आज सापडलं. रेडियम. लिटरला ३.१ बेकरेल. पिण्याच्या पाण्याला मर्यादा एकची आहे.

आणि रेडियम मोजणं सुरू झाल्यापासून, म्हणजे सात वर्षं, याच बोअरचे आकडे मी वर पाठवतेय — ०.२, ०.२, ०.१, ०.२. 'पिण्यास योग्य.' खाली माझी सही, तीही कशी ऐटबाज!

पाण्यात नाही, मग बाटलीत आलं कुठून?

११ मार्च

कळलं. कळलं तेव्हा खुर्ची ओढून मटकन बसले. मामा बाटल्या लावत होते. म्हणाले, "मॅडम, चक्कर आली का?" मी खेकसले — "तुमचं काम करा!" बिचारे परत बाटल्यांकडे वळले.

मामा म्हणजे आमचे नमुने आणणारे. एक्केचाळीस बोअर, एक स्कूटर, एक माणूस. सगळी प्रयोगशाळा त्यांना मामा म्हणते, त्यांच्यापेक्षा मोठा असलेला पहारेकरीसुद्धा.

आता कळलं ते. रेडियम पाण्यात सुखाने राहत नाही. खाली खडकात, जिथे हवा पोचत नाही तिथे ते पाण्यात विरघळलेलं असतं, लोखंडाच्या सोबतीने. पाणी वर आलं, हवा लागली, की लोखंडाचा गंज होतो आणि खाली बसायला लागतो. रेडियम त्या गंजाच्या पाठुंगळी बसून जातं. मग जे भेटेल त्याला चिकटतं — गाळ, वाळू, पाइपाची आतली बाजू, बाटलीची भिंत. म्हणून तर बाटली भरली की तिथल्या तिथे अ‍ॅसिडचे थेंब घालायचे. अ‍ॅसिड असलं की ते पाण्यातच राहतं. हे मी दर वर्षी शिकाऊ लोकांना फळ्यावर लिहून सांगते. रंगीत खडूने!

सात वर्षांपूर्वी मामांच्या स्कूटरच्या पिशवीत अ‍ॅसिडची बाटली फुटली. पोटरी भाजली. दीड महिना घरी होते. परत आले ते लंगडत. मला बघवेना. मी म्हणाले, "उद्यापासून अ‍ॅसिड न्यायचं नाही. नुसत्या बाटल्या भरून आणा. अ‍ॅसिड मी इथे घालीन."

आणि घातलं की! एकदाही विसरले नाही. पण बाटलीतलं पाणी आधी बीकरमध्ये ओतायचं, लिटर मोजायचा, मग बीकरमध्ये अ‍ॅसिड. पूर्वी अ‍ॅसिड घातलेलंच पाणी यायचं, तेव्हापासून हाताला ओतायची सवय. तीच चालू राहिली. बाटलीतच घालून रात्रभर ठेवलं असतं, तर भिंतीला चिकटलेलं सगळं सुटून आलं असतं. साधी गोष्ट. मी पाणी मोजत राहिले आणि रेडियम बाटलीतच सोडत राहिले. मग बाटली विसळायची आणि परत मामांच्या हातात द्यायची.

सात वर्षं.

१२ मार्च

कोणाला सांगितलं नाही. जेवण गेलं नाही. चष्मेवाले — माझा नवरा, चष्म्याचं दुकान आहे म्हणून मी त्यांना हेच नाव ठेवलंय — म्हणाले, "मीठ जास्त झालं का गं?" स्वयंपाक त्यांचाच होता.

१३ मार्च

जिवात जीव आला! अंघोळ करताना सुचलं, तशीच ओल्या केसांनी धावत निघाले.

ती बाटली जुनी आहे. तीच बाटली वर्षानुवर्षं त्याच बोअरला जाते, तिच्यावर नंबर आहे. आपण फक्त पाण्याने विसळतो. म्हणजे भिंतीवर बसलेलं रेडियम एका खेपेचं नाही, कितीतरी खेपांचं साठलेलं! ३.१ हा एका लिटरचा आकडा नव्हेच. खरा आकडा ०.३ असेल, ०.४ असेल. मर्यादेच्या आत. पद्धत चुकली, पण पाणी चांगलं — असंही असू शकतं.

असू शकतं. असायलाच हवं.

नवी कोरी बाटली, अ‍ॅसिड, आणि मी स्वतः. परवा जाते. मामांना सांगितलं, "मला यायचंय तुमच्या वस्तीवर." मामा खूश. त्यांचं घर तिथेच आहे, बोअरपासून वीस पावलांवर. बायको, मुलगा-सून, नात, सगळे तेच पाणी पितात.

१५ मार्च

गेले. आले. 

बोअरपाशी दोन बायका घागरी भरत होत्या. ओघळलेलं पाणी एका चरातून खाली जातं. चर लालभडक. पिशवीत किरणं मोजायचा मीटर होताच. सहज केल्यासारखं दाखवून चिखलाजवळ धरला — आणि तो किरकिरायला लागला. साध्या जमिनीवर तासात ऐकू येईल तेवढं एका मिनिटात. रेडियम आपलं घर शोधतंच. या चराच्या गंजात बसलंय ते.

मामा म्हणाले, "किरकिर कसली हो मॅडम?"

मी म्हणाले, "बॅटरी गेलीय."

त्यांची नात तिथेच त्या चिखलाच्या पोळ्या करत बसली होती. चार वर्षांची. सगळे तिला चिंगी म्हणतात. मी जवळजवळ ओरडलेच — "आधी हात धू जा!" ती उठली आणि गेली बोअरच्या नळाशी. कुठल्या पाण्याने धू म्हणत होते मी!

नव्या बाटलीत पाणी भरलं. अ‍ॅसिडचे थेंब मीच घातले. मामा दोन पावलं मागे सरले, हात आपोआप पोटरीकडे. मग स्वतःच हसले. "मॅडम, आता बरा आहे पाय. न्यायला लागू का परत अ‍ॅसिड?" मी नको म्हणाले. काय म्हणणार दुसरं?

मग मामांनी मला घरी नेलं. मामींनी पाण्याचा ग्लास आणला. गार, स्वच्छ, काचेसारखं पाणी. दिसायला काय पाणी आहे म्हणून सांगू! मामी म्हणाल्या, "मी तर कोणाकडे गेले तरी पाणी पीत नाही. आमचं पाणी मॅडमच्या नजरेखालून जातं, असं सगळ्यांना सांगते." वस्तीभर सांगत असणार. मामींचा आवाज काय हळू नाही.

मी ग्लास रिकामा केला. एका ग्लासाने काही होत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. त्या धैर्याने नाही प्यायले. नाही प्यायले असते तर मामांनी माझ्या तोंडाकडे बघितलं असतं, म्हणून प्यायले.

१६ मार्च

बेरियम घातलं, पांढरा साका बसला. रेडियम त्यात अडकलं की सुटत नाही. गाळून कागदावर घेतलं. आता काउंटरला वेळ हवा. माझा जीव टांगणीला.

१७ मार्च

१.७.

परत मोजलं. १.७.

पाणी चांगलं नाही. कधीच नव्हतं.

१८ मार्च

एका दिवसात कोणी मरत नाही, हे स्वतःला दहा वेळा सांगितलं. आकडा मर्यादेच्या पावणेदोन पट आहे, पन्नास पट नाही. हेही सांगितलं. पण मर्यादा ठरवतात ती रोज आणि वर्षानुवर्षं पिणाऱ्यासाठी, आणि हे लोक रोज आणि वर्षानुवर्षंच पितायत. शरीराला रेडियम आणि कॅल्शियममधला फरक कळत नाही. कॅल्शियम समजून ते हाडात नेऊन ठेवतं. ज्याची हाडं वाढतायत त्याच्यात जास्त. चिंगी जन्मल्यापासून तेच पाणी पितेय. तिच्या दुधाच्या पावडरीतही तेच कालवलेलं.

दुपारी मामांना एका बाजूला घेतलं. सगळं सांगायचं ठरवून गेले होते. आणि तोंडातून काय निघालं? — "मामा, तुमच्या पाण्यात लोखंड जरा जास्त आलंय. थोडे दिवस पिऊ नका."

मामा म्हणाले, "लोखंड तर अंगाला चांगलं म्हणतात."

"जास्त झालं की नाही चांगलं."

"मग उकळून पिऊ का?"

"नको नको! उकळलं तर पाणी उडतं, बाकीचं तिथेच राहतं. उलट दाट होतं."

"लोखंड दाट होतं?" मामा खुळे नाहीत. "आणि बाकीच्या वस्तीचं काय? त्यांनाही सांगू?"

मी घड्याळ बघितलं आणि आत सटकले. म्हणजे एका घराला खोटं सांगून वाचवायचं आणि बाकीच्या साठ घरांना पिऊ द्यायचं. शाबास! अशा बाईची सही खाली असते.

१९ मार्च

साहेबांना आकडा सांगितला. फक्त आकडा.

साहेब आमचे प्रमुख, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, टेबलावर धुळीचा कण चालत नाही. पुढच्या महिन्यात प्रयोगशाळेच्या मानांकनाची तपासणी आहे, म्हणून महिनाभर झोपेतसुद्धा फायली लावत असतील. आकडा ऐकून पांढरे पडले. मग पहिला प्रश्न — "आजपर्यंत ०.२ आणि आज १.७? कारण काय?"

तीच वेळ होती. मी ती घालवली.

त्यांनी नमुन्यांची वही ओढली. बोअरच्या पानावर 'जागेवर अ‍ॅसिड घातले' असा एक रकाना आहे. सात वर्षं रिकामा. साहेबांनी त्यावर बोट ठेवलं. चेहऱ्यावर रंग परत आला.

"हे घ्या कारण. अ‍ॅसिड घालायचा कंटाळा. स्वतःच्या घरच्या बोअरला! कोण भरतं ही वही?"

"मामा," मी म्हणाले.

एवढंच म्हणाले. अजून एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले.

२० मार्च

बोअर बंद. तोंडाला साखळी, वर लाल रंगाने फुली. पाण्याचा टँकर लावला. चला, एक तरी झालं. निदान आता ती पोर ते पाणी पिणार नाही.

मामांना कामावरून थांबवलंय. चौकशी २८ला.

२२ मार्च

पहारेकरी सांगत होता — वस्तीवर मामांच्या दारात चिखल टाकला कोणीतरी. तोच, चरातला. मामींशी घागरीच्या रांगेत कोणी बोलत नाही. ज्यांना त्या सात वर्षं 'मॅडमच्या नजरेखालून' ऐकवत होत्या, तेच लोक. एकजण म्हणे तोंडावर म्हणाला, "तुमच्या आळसापायी आमची पोरं विष प्यायली."

माझ्या दारात टाकायला हवा होता तो चिखल.

२३ मार्च

साहेबांना विचारलं, "बाकीच्या चाळीस बोअरचं काय? परत तपासायला नकोत?"

"कशाला? चूक त्या एका ठिकाणची."

"रकाना सगळ्याच पानांवर रिकामा आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, त्या बोअरला लोखंड आहे, म्हणून तिथे बाटलीला चिकटलं. बाकीचं पाणी निर्मळ. उगाच राईचा पर्वत करू नका. पुढच्या महिन्यात तपासणी आहे. चौकशीत माणसाची चूक निघाली तर एक बोअर. पद्धतीची चूक निघाली तर सगळी प्रयोगशाळा, तुम्ही, मी. विचार करा."

लोखंडाची सतरा बोअर आहेत आमच्याकडे. मला तोंडपाठ आहेत. त्यांनाही असतील.

म्हणजे प्रश्न आता मामांच्या नोकरीपुरताही उरला नाही. मी गप्प बसले तर चाळीस ठिकाणची माणसं माझ्या जुन्या आकड्यांवर पाणी पीत राहणार.

२४ मार्च

मामांनी लिहून दिलं. 'अ‍ॅसिड नेण्याचा कंटाळा केला. चूक माझी.' खाली सही. त्यांचं अक्षर लहान मुलासारखं गोल आहे, मी नेहमी चिडवायचे. साहेबांनी कागद दाखवला तेव्हा मी तो उलटा करून टेबलावर ठेवला.

२५ मार्च

चष्मेवाल्यांना सगळं सांगितलं. ते एका गिऱ्हाइकाची काच घासत होते. घासायचे थांबले.

म्हणाले, "नोकरी जाईल?"

"जाऊ शकते. सहीचा अधिकार तर नक्की जाईल. पेपरात नाव येईल."

"हं." परत काच घासायला लागले. मला वाटलं आता म्हणणार, गप्प बस. तसं म्हणावं अशी इच्छाही होती, खोटं कशाला लिहू. मग म्हणाले, "पंधरा दिवस झाले, तू भाजीत मीठ आहे की साखर तेही सांगू शकत नाहीस. सांगून मोकळी हो बाई. दुकान आहे आपलं. तू नंबर तपासायला बस, तसंही लोकांवर ओरडायची हौस आहेच तुला."

हसले आणि मग रडले. दुकानातच. गिऱ्हाईक आलं तर त्याला वाटलं काच महाग पडली म्हणून रडतायत.

२६ मार्च

वस्तीवर गेले. मामा दारातच बसले होते. दार धुतलेलं, तरी कोपऱ्यात तांबडं राहिलंय.

"का सही केलीत?"

"मग? अ‍ॅसिड मी नेत नव्हतो, हे खरंच आहे ना मॅडम."

"मी नेऊ नका म्हणाले होते!"

"माझ्या पायासाठी म्हणाला होता. तुमचं नाव मी कशाला घेऊ त्यात?"

मामी आतून ओरडल्या, "घ्या म्हणावं नाव! रांगेत मी उभी राहते, तुम्ही नाही!" मग बाहेर आल्या. माझ्याकडे बघितलं नाही. पाणी विचारलं नाही. मला बरंच वाटलं. मीही तेच केलं असतं.

चिंगीला घरात कोंडलंय. खिडकीतून माझ्याकडे बघून जीभ दाखवली.

मामांना म्हणाले, "२८ला मी बोलणार आहे." ते म्हणाले, "जपून बोला." मला जपून बोलायला सांगत होते!

२७ मार्च

उद्या काय बोलायचं ते चार वेळा लिहिलं. चारही कागद फाडले. पहिल्यात मी फार थोर दिसत होते. दुसऱ्यात फार बिचारी. तिसरा साहेबांवर घसरला. चौथा कुठल्या पुस्तकातून काढल्यासारखा झाला. कागद न घेताच जाते.

२८ मार्च

बोलले!

वरच्या कार्यालयातून तिघे आले होते. एक बाई, दोन पुरुष. मामा बाहेर बाकावर. साहेबांनी मामांचा कागद पुढे सरकवला. मला विचारलं, "हे बरोबर आहे का?"

मी म्हणाले, "नाही."

साहेबांचं डोकं वर झालं.

"अ‍ॅसिड नेऊ नका असं मी सांगितलं होतं. तोंडी, सात वर्षांपूर्वी. आणि ते न नेल्यानेही काही बिघडलं नसतं, जर मी इथे ते बाटलीत घातलं असतं. मी आधी पाणी ओतलं, मग बीकरमध्ये घातलं. रेडियम बाटलीला चिकटलेलं राहिलं. एका बोअरचं नाही, सगळ्या एक्केचाळीसचं. सात वर्षांतला माझा एकही आकडा धरू नका."

बाहेर बाकावर मामा खोकले.

वरच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही किती वर्षं हे काम करता?"

"अकरा."

"आणि तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. शिकवतेसुद्धा."

ते सगळ्यात वाईट होतं. माहीत नव्हतं म्हणता आलं असतं तर किती सोपं झालं असतं! त्यांनी माझं म्हणणं लिहून घेतलं. मी खाली सही केली, या वेळी ऐटबाज नाही.

बाहेर साहेब म्हणाले, "झालं समाधान? सगळ्यांना घेऊन बुडालात." मी म्हणाले, "पाणी तपासा आधी. बुडायचं मग बघू." उगाच बोलले. पण बरं वाटलं.

२९ मार्च

दुपारपर्यंत झोपले. चष्मेवाल्यांनी दोनदा नाकाशी हात धरून श्वास बघितला म्हणे.

१ एप्रिल

हुकूम आला. एक्केचाळीसही बोअर नव्याने तपासायची. तोवर संशयाच्या सतरा ठिकाणी टँकर. माझा सहीचा अधिकार काढला. आकडे दुसऱ्या शहरातली प्रयोगशाळा ताडून बघणार. काम मात्र मीच करायचं, कारण दुसरं कोणी नाही!

मामा कामावर रुजू. सकाळी आले, स्कूटर लावली, म्हणाले, "किती बाटल्या?" जसं काही झालंच नाही.

४ एप्रिल

नव्या बाटल्या. अ‍ॅसिड मामांना नेऊ देत नाही, ते म्हणाले तरी. ते दिवसभर बोअरवर आणि मी आत. आली बाटली की तिच्यातच अ‍ॅसिड, झाकण, रात्रभर तशीच. दुसऱ्या दिवशी ओतायचं. हात अजून बीकरकडे जातो. बीकरवर लाल कागद चिकटवून ठेवलाय.

पहिले सात — ०.१, ०.३, ०.१, ०.२, ०.६, ०.२, ०.१. प्रत्येक आकड्याला देवाचं नाव घेतलं. एरवी घेत नाही मी.

७ एप्रिल

१.२. लोखंडाचंच बोअर. शाळेमागचं.

शाळेमागचं!

लगेच फोन केला. तासाभरात साखळी घातली. मी गप्प बसले असते तर आज मधल्या सुट्टीत दोनशे पोरं त्या नळाला तोंड लावणार होती.

११ एप्रिल

एक्केचाळीस पूर्ण. पाच वाईट, टेकडीवरचं धरून. छत्तीस चांगली. दुसऱ्या प्रयोगशाळेचे आकडे जुळले. पाचही बंद. वस्तीवरच्या सगळ्यांची तपासणी सुरू आहे. डॉक्टर म्हणाले, आज कोणात काही दिसत नाही, पण पुढची बरीच वर्षं लक्ष ठेवायचं. चिंगीलाही दर वर्षी बोलावलंय. 'काही झालं नाही' असं ते म्हणाले नाहीत. तसं म्हणता येत नाही, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही.

वस्तीवर मामांच्या घरी माणसं येऊन गेली म्हणे. चिखलवाला पण आला होता. मामींनी त्याला अर्धा तास उभं ठेवून ऐकवलं. मग बसायला दिलं.

मला ओळखीचे लोक रस्त्यात थांबवून सांगतात — धाडस केलंत. दुकानात तर एकाने हात जोडले. मी नको नको म्हणते, पण आतून कुठेतरी सुखावते, हे इथे लिहायला हरकत नाही. चूक झाली ती एका माणसाच्या भाजलेल्या पायाची दया आली म्हणून झाली, आणि कळली तेव्हा, उशिरा का होईना, मी तोंड उघडलं. यापेक्षा वाईट माणसं असतात. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

१४ एप्रिल

पाच बंद बोअरच्या फेरतपासणीच्या बाटल्या आज मामा आणि मी मिळून उरकल्या. मी बाटलीत अ‍ॅसिड घालत होते. ते बघत होते. म्हणाले, "तुम्ही यायच्या आधीचे जुने साहेब अस्संच करायचे. कधी अ‍ॅसिड संपलं आणि मी नुसतं पाणी आणलं, की इथे बाटलीतच घालायचे. रात्रभर हात लावू द्यायचे नाहीत."

मी म्हणाले, "मामा! मग सात वर्षं मी आधी ओतत होते, ते तुम्हाला दिसत नव्हतं? बोलला का नाहीत?"

"बोललो होतो की. नुसत्या बाटल्या आणायला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात. तुम्ही म्हणालात, मामा, तुम्ही बाटल्या आणा, अक्कल मी लावते." हसत सांगितलं त्यांनी, गंमत सांगावी तसं. "म्हटलं, शिकलेल्या आहेत, नवी पद्धत आली असेल. परत नाही विचारलं."

चिंगी तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती.

दिवसभर आठवून बघतेय. मला आठवत नाही. एक शब्दही आठवत नाही.